एससीएमध्ये नाव आणि ढालचिन्ह नोंदवताना: कामाचा क्रम, कागदपत्रं आणि अर्ज परत का येतो

अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात राहणारी बरीच मराठी मंडळी आता सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रोनिझममध्ये, म्हणजे 1600च्या आधीचं जगणं हौसेने पुन्हा उभं करणाऱ्या एससीए या संस्थेमध्ये, रमलेली दिसतात. कोणी तलवारबाजीसाठी येतं, कोणी त्या काळातल्या स्वयंपाकासाठी, कोणी विणकामासाठी. पहिलं वर्ष सरलं की प्रत्येकाला स्वतःसाठी घेतलेलं त्या काळातलं नाव आणि ढालचिन्ह नोंदवायचं असतं. अर्ज जातो, काही महिने लोटतात आणि उत्तर येतं: परत. तोवर निशाण शिवून झालेलं असतं, ढाल रंगवून झालेली असते.

यातले बहुतेक अर्ज टाळता येण्याजोग्या कारणांनी परत येतात. चित्र आधी, नाव मग आणि पुरावा शेवटी असा उलटा क्रम धरला जातो, हे त्यातलं सर्वांत मोठं कारण. नियमांचा मूळ दस्तऐवज सेना (SENA, इंग्रजी आद्याक्षरांवरून) नावाने ओळखला जातो आणि 2012पासून सगळे निर्णय त्यावरच होतात. तो लांबलचक आहे, पण पहिल्या अर्जाला लागणारा भाग फार नाही. तो भाग ज्या क्रमाने वापरायचा, त्याच क्रमाने खाली दिला आहे.

टप्पा 1 : काम सुरू करण्याआधी

तुमचा किंगडम, म्हणजे एससीएचा प्रादेशिक विभाग, कोणता हे आधी पक्कं करा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड लोखॅकमध्ये येतात, युरोप ड्राखनवाल्डमध्ये, अमेरिकेत भागागणिक वेगळे किंगडम. अर्जाचे नमुने, फी आणि पाठवण्याची पद्धत प्रत्येक किंगडमची निराळी असते. दुसऱ्या किंगडमचा फॉर्म उतरवून भरला तर तो पहिल्याच टेबलावर अडतो.

मग तुमच्या शाखेचा हेरल्ड, म्हणजे नावं आणि चिन्हं यांचं काम पाहणारा माणूस, गाठा. ही सगळी माणसं स्वयंसेवक आहेत आणि मनापासून मदत करतात. पेनसिल्व्हेनियातल्या पेन्सिक वॉर या एससीएच्या मेळाव्याला जाणार असाल तर तिथे हेरल्ड्स पॉइंट नावाचा तंबू असतो. समोर बसून नावं शोधणारे, चिन्हं तपासणारे आणि चित्र काढून देणारे लोक एकाच ठिकाणी भेटतात. तिथला तासाभराचा सल्ला घरी बसून केलेल्या आठवड्याभराच्या शोधापेक्षा जास्त कामाला येतो. नोंदणीसाठी एससीएचं सभासदत्व लागत नाही, त्यामुळे ते राहून गेलंय म्हणून थांबू नका.

आणखी एक. तुमच्या पात्राची, म्हणजे एससीएत तुम्ही वठवता त्या काल्पनिक व्यक्तीची, कहाणी अर्जात कोणी विचारत नाही. देवगिरीच्या व्यापाऱ्याची मुलगी व्हेनिसला कशी पोचली, हे चार पानं लिहून जोडलं तरी त्याचा निर्णयावर काही परिणाम होत नाही. ती मेहनत नावाच्या पुराव्यावर घ्या.

टप्पा 2 : काळ आणि प्रदेश ठरवा

एससीएचा काळ 1600ला संपतो. नावांच्या बाबतीत 1650पर्यंतची नोंद चालते, कारण 1640 साली म्हातारं असलेलं माणूस 1600च्या आधी जन्मलेलं असू शकतं. त्यापुढची नोंद चालत नाही.

आपल्या लोकांचं मन पहिल्यांदा शिवकाळाकडे धावतं आणि अडचण तिथेच येते. शिवाजी महाराजांचा जन्म 1630चा, राज्याभिषेक 1674चा. बखरी त्याहून उशिराच्या. मावळ्याचं नाव बखरीतून उचलून आणलं तर त्याची तारीख चौकटीबाहेर जाते. मराठी नावच हवं असेल तर दोन काळ हाताशी आहेत. एक यादवकाळ, ज्याचे शिलालेख, ताम्रपट आणि महानुभाव गद्य उपलब्ध आहे. दुसरा निजामशाही-आदिलशाहीचा सोळाव्या शतकातला काळ, ज्याची कागदपत्रं छापली गेली आहेत.

एका नावातले सगळे भाग एकमेकांशी जुळावे लागतात. सगळे एकाच प्रादेशिक गटातले असतील तर त्यांच्या तारखांमध्ये 500 वर्षांपर्यंतचं अंतर चालतं. दोन गटांची सरमिसळ करायची असेल तर ती सेनाच्या परिशिष्ट सीमध्ये दिलेल्या जोड्यांपुरतीच करता येते आणि अंतर 300 वर्षांच्या आत ठेवावं लागतं. पोर्तुगीज पहिलं नाव आणि कोकणी गावावरून आलेलं दुसरं नाव गोव्यात सहज शोभेल असं वाटतं. पण जोडी परिशिष्टात नसेल, तर अशी नावं त्या काळात खरोखर होती हे तुम्हालाच दाखवावं लागेल.

*तपासा:* कागदावर एका ओळीत शतक, प्रदेश आणि भाषा लिहा. ही ओळ लिहिता येत नसेल तर टप्पा 3कडे जाऊ नका.

टप्पा 3 : नाव बांधा आणि प्रत्येक तुकड्याला पुरावा जोडा

नावात किमान दोन भाग हवेत: एक पहिलं नाव आणि त्याच्यासोबत एखादं उपनाम. उपनाम वडिलांच्या नावावरून, गावावरून, धंद्यावरून किंवा गुणावरून आलेलं असू शकतं. मात्र ते त्या भाषेच्या, त्या काळच्या पद्धतीने बांधलेलं हवं. आजचं ‘स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव’ हे त्रिकूट यादवकाळावर लादू नका.

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातला चौऱ्याऐंशीचा शिलालेख शके 1195 ते 1199 मधला, म्हणजे इसवी सन 1273 ते 1277चा आहे. त्यात दान देणाऱ्यांची नावं ओळीने येतात. अशा अर्जासाठी याहून सोयीचा पुरावा क्वचितच मिळेल: तारीख पक्की, माणसं खरी आणि नावं एकाच जागी. महानुभाव गद्यातली म्हाइंभट, नागदेव, महदाइसा ही नावंही तेराव्या शतकातल्या खऱ्या माणसांचीच. पण असा मजकूर वापरताना पोथीची प्रत कधीची आणि छापील पाठ कोणाचा, हे लिहायला विसरू नका. मूळ तेराव्या शतकातलं असलं तरी नावाचं स्पेलिंग नंतरच्या नकलेतलं असू शकतं.

सेनाच्या परिशिष्ट एमध्ये नावांचे ठरलेले साचे दिले आहेत. तुमच्या भाषेचा साचा तिथे नसेल तर तो स्वतः सिद्ध करायचा: एकाच पद्धतीच्या नावांची साधारण तीन स्वतंत्र उदाहरणं द्या. तीनही उदाहरणं एकाच घराण्यातली नकोत.

पुरावा कसा द्यायचा, तर नेमकेपणाने. पुस्तकाचं शीर्षकपान, नाव जिथे आहे त्या पानाची प्रत आणि त्या ओळीवर खूण. पुस्तक मराठीत असेल तर त्या ओळीचा इंग्रजी सारांशही द्या, कारण अर्ज तपासून टिप्पणी करणाऱ्या हेरल्डांपैकी फार थोड्यांना देवनागरी वाचता येते. संकेतस्थळावरचं पान असेल तर त्याचा पत्ता आणि छापून घेतल्याची तारीख. फॅमिलीसर्च हे वंशावळींचं संकेतस्थळ वापरत असाल तर बॅच क्रमांक, म्हणजे नोंदींच्या गठ्ठ्याचा क्रमांक, द्यायलाच हवा. चर्चच्या मूळ वह्यांमधून उतरवलेल्या बॅचेस ग्राह्य धरतात, लोकांनी स्वतः भरलेल्या वंशावळी धरत नाहीत, आणि पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. बाळाच्या नावांची यादी देणारी संकेतस्थळं अजिबात नकोत. तिथे तारीख नसते आणि अर्थही बरेचदा मनाने लिहिलेले असतात.

सावधान, देवांची नावं. जे नाव फक्त देवाचं किंवा कथेतल्या पात्राचं म्हणून सापडतं, ते नोंदलं जात नाही. आपल्याकडे देवाची नावं माणसांना सर्रास ठेवतात, पण समोरच्याला हे ठाऊक असेल असं धरून चालू नका. रामचंद्र हे यादव राजाचं नाव होतं, त्यामुळे माणसांमधला वापर सिद्ध होतो. तुमच्या नावासाठी असंच एखादं खरं माणूस शोधा.

सावधान, पदव्या. राजा, राणा अशी पदवी नावात ठेवता येत नाही, कारण ती पदवी तुमची आहे असा दावा त्यातून निघतो. ‘नायक’सारखा शब्द आडनाव म्हणून आणायचा असेल, तर तो त्या काळी पदवी न राहता नावाचा भाग झाला होता हे दाखवावं लागतं.

सावधान, लिपी. नाव रोमन लिपीत नोंदलं जातं. लिप्यंतराची एक पद्धत निवडा आणि पूर्ण नावाला तीच लावा. दीर्घ स्वरावरच्या रेघा आणि अक्षराखालचे टिंब एक तर सगळीकडे द्या, नाही तर कुठेच नको. पहिल्या नावाला रेघा आणि दुसऱ्याला नाही, असं झालं की तुमच्या मनात नसलेला बदल तिकडचे लोक करून मोकळे होतात.

पुरावा कुठेच मिळत नसेल तर एक सवलत आहे. तुमच्या कायदेशीर नावातला एखादा भाग त्याच जागी वापरता येतो, म्हणजे पहिलं नाव पहिल्या नावाच्या जागी आणि आडनाव उपनामाच्या जागी. त्यासाठी ओळखपत्राची प्रत जोडावी लागते. मात्र तुमचं संपूर्ण रोजचं नाव जसंच्या तसं नोंदवता येत नाही. उपनाम म्हणून तुमच्या एससीए शाखेचं नाव लावायचीही मुभा आहे.

शेवटी, आधी नोंदलेल्या नावांशी ताडून पाहा. नाव उच्चारात आणि लिहिण्यात, दोन्हींत पुरेसं वेगळं हवं. एक अक्षर बदलून काम भागेल असं समजू नका. आणि वडिलांच्या जागी आधीच नोंदलेलं एखादं पूर्ण नाव येत असेल, तर तो नात्याचा दावा ठरतो आणि त्या व्यक्तीचं परवानगीपत्र लागतं.

टप्पा 4 : फॉर्मवरच्या चौकटी

इथली चूक अगदी बारीक असते आणि तिची किंमत मोठी. फॉर्मवरच्या चौकटी नकारार्थी असतात. मोठे बदल चालणार नाहीत, किरकोळ बदल चालणार नाहीत, तात्पुरतं नाव चालणार नाही. खूण केली की तुम्ही नकार दिलात. होकार समजून खूण करणारे पुष्कळ आहेत. मग केवळ एक उच्चारचिन्ह सुधारायचं होतं, पण तेवढीही परवानगी नाही, म्हणून अख्खं नाव परत येतं.

माझं मत स्पष्ट आहे: किरकोळ बदलांची चौकट रिकामी सोडा. मोठ्या बदलांना हवा तर नकार द्या. आणि तात्पुरत्या नावाला नकार देऊ नका. नाव अडलं आणि चिन्ह मंजूर होण्याजोगं असलं, तर तात्पुरत्या नावाखाली चिन्ह नोंदून ठेवतात. नकार दिला असेल तर चांगलं चिन्हही नावासोबत परत येतं आणि मधल्या काळात तसंच चिन्ह दुसरं कोणी नोंदवू शकतं.

तुम्हाला सर्वांत महत्त्वाचं काय हेही त्याच फॉर्मवर विचारलेलं असतं: अर्थ, उच्चार, लिहिण्याची पद्धत की भाषा. एकच निवडा. सगळ्यांवर खूण केली तर बदल करणाऱ्याला काहीच दिशा मिळत नाही.

टप्पा 5 : चिन्ह रचणं

रंग ठरलेले आहेत. धातू दोन, चांदी आणि सोनं, म्हणजे कागदावर पांढरा आणि पिवळा. रंग पाच: लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा. शिवाय अर्मिन आणि व्हेअर या फरच्या जाती. धातूवर धातू ठेवता येत नाही आणि रंगावर रंग ठेवता येत नाही. निळ्या जमिनीवर, म्हणजे ढालीच्या पार्श्वभूमीवर, काळा हत्ती पंधरा पावलांवरून दिसतच नाही, हा नियम तेवढ्याचसाठी आहे.

भगवा या यादीत नाही. केशरी रंग भरला की तपासणाऱ्याला तो लाल मानावा की पिवळा ते कळत नाही आणि अर्ज परत येतो. ध्वजाचा भगवा मनात असेल तर लाल किंवा पिवळा निवडा. हे सांगताना मलाही वाईट वाटतं, पण यातून पळवाट नाही.

स्वस्तिकही नोंदलं जात नाही, कोणत्याही दिशेचं, कोणत्याही कारणाने. नाझी वापरामुळे त्यावर सरसकट बंदी आहे. आपल्याकडे ते उंबऱ्यावर काढतात हे समजावून सांगून निर्णय फिरत नाही. पांढऱ्यावर लाल क्रॉसही बंद आहे, कारण ते रेड क्रॉसचं चिन्ह आहे. लॉरेलच्या पानांचं कडं शाखांसाठी राखीव. मुकुट ज्यांना राजपद मिळालं त्यांच्यासाठी. साध्या जमिनीवर एकटं ॐ किंवा एकच अक्षर, हेही चालत नाही, कारण एकट्या अमूर्त चिन्हावर कोणा एकाचा हक्क नोंदता येत नाही.

मग आपल्याकडचं काय घेता येईल? हत्ती आणि पिसारा फुलवलेला मोर युरोपच्या जुन्या चिन्हविद्येत आधीपासूनच आहेत, ते निर्धास्त घ्या. वाघाच्या बाबतीत मात्र जपून राहा. ब्लेझनमध्ये, म्हणजे चिन्हाच्या शब्दांतल्या वर्णनात, नुसतं ‘टायगर’ म्हटलं तर युरोपातला काल्पनिक प्राणी काढला जाईल. पट्टे असलेला खरा वाघ हवा असेल तर तसं स्पष्ट लिहा. युरोपबाहेरचे प्राणी, वनस्पती आणि वस्तू घेतल्या तर बहुधा प्रचलित पद्धतीपासून एक पाऊल दूर गेल्याची नोंद होते. एक पाऊल चालतं, दोन झाली की अर्ज परत. वाघासोबत कट्यारही घालायचा मोह आवरा.

गुंतागुंत मोजायची सोपी रीत आहे: वापरलेले सगळे रंग अधिक वापरलेल्या वस्तूंचे सगळे प्रकार. बेरीज आठच्या वर जायला नको. आणि एकाच गटात तीन वेगवेगळ्या वस्तू मांडू नका. वाघ, तलवार आणि कमळ एका रांगेत आले की चिन्ह तिथेच अडकतं. पहिल्या चिन्हासाठी एक मुख्य वस्तू, दोन रंग आणि फार तर एक किनार पुरे.

सावधान, डावं-उजवं. दिशा ढाल धरणाऱ्याच्या बाजूने मोजतात. त्याची उजवी म्हणजे बघणाऱ्याची डावी. प्राणी मुळात बघणाऱ्याच्या डावीकडे तोंड करून असतो. इंटरनेटवरून घेतलेलं चित्र उलटं झालंय का, ते आधी पाहा.

टप्पा 6 : आधीच्या चिन्हांशी टक्कर होते का?

हा टप्पा वगळणारे सर्वांत जास्त. नोंदलेल्या सगळ्या चिन्हांचा साठा ओ अँड ए नावाच्या डेटाबेसमध्ये आहे आणि तो मोर्सुलस हेरल्ड सांभाळतो. त्यातला कॉम्प्लेक्स सर्च वापरा. मुख्य वस्तू, तिची संख्या, तिचा रंग आणि जमिनीचा रंग एकेका ओळीत भरा. जी चिन्हं सर्वांत जास्त जुळतात ती वर येतात. एवढं करून थांबू नका. मुख्य वस्तू तीच ठेवून रंग काढून पुन्हा शोधा, कारण टक्कर बहुधा रंग बदललेल्या चिन्हाशी होते.

नियम असा: प्रत्येक आधीच्या चिन्हापासून तुमचं चिन्ह दोन स्पष्ट फरकांनी किंवा एका ठळक फरकाने वेगळं हवं. समजा, निळ्या जमिनीवर पांढरा हत्ती आधीच नोंदलेला आहे. तुम्हाला लाल जमिनीवर पांढरा हत्ती हवा. जमिनीचा रंग बदलला, फरक एक. टक्कर. आता सोनेरी किनार घाला. किनार नवीन आली, फरक दोन. सुटलात. हत्तीच्या जागी तलवार घेतली असती तर मुख्य वस्तूच बदलली, म्हणजे तो ठळक फरक, आणि एवढ्याने काम झालं असतं.

हत्तीचे सुळे रंगवले, डोळा लाल केला, निळा थोडा गडद केला, हत्ती मोठा काढला, यातल्या कशानेही फरक मोजला जात नाही. ही चित्रकाराची मोकळीक आहे. हत्तीचं तोंड उलट दिशेला केलं तर तो फरक मोजला जातो.

*तपासा:* जवळच्या तीन-चार चिन्हांची यादी करा आणि प्रत्येकासमोर फरक लिहून काढा. ही यादी अर्जासोबत द्या. तुम्ही शोध घेतलाय हे दिसलं की पुढचा माणूस उरलेला शोध आनंदाने घेतो.

टप्पा 7 : चित्र आणि अर्ज

मुख्य ढालचिन्ह ढालीच्या आकारात, बॅज (वस्तूंवर लावायचं दुय्यम चिन्ह) चौकोनात. एक रंगीत प्रत आणि एक फक्त काळ्या रेषांची. वस्तूने जागा भरायला हवी: मध्ये बोटभर हत्ती आणि भोवती मोकळी जमीन, असं चित्र ओळखता येत नाही म्हणून परत येतं. किनार फार बारीक काढली तरी परत येते. ढालीच्या रुंदीच्या मानाने ती जाड, ठसठशीत हवी.

रंग शुद्ध ठेवा. चांदी म्हणजे कोरा पांढरा कागद, राखाडी नव्हे. सोनं म्हणजे पिवळा, चमकी शाई नव्हे. घरच्या प्रिंटरवर निळा जांभळ्याकडे झुकतो, आणि निळा की जांभळा हे कळलं नाही तर चिन्हाची ओळखच बदलते. म्हणून बरेच हेरल्ड अजूनही क्रेयोलाची मार्कर पेनं वापरून हाताने रंगवायला सांगतात. किंगडम डिजिटल फाइल घेत असेल तर मूळ, गडद, सपाट रंग घ्या, छटा नकोत.

ब्लेझन तुमचं चुकलं तरी घाबरू नका. निर्णय चित्रावरून होतो, शब्द ते सुधारून घेतात.

टप्पा 8 : पाठवल्यावर

अर्ज आधी किंगडमकडे जातो. तिथे टिप्पण्या होतात आणि काही अर्ज तिथूनच परत येतात. जे टिकतात ते लेटर ऑफ इंटेंटमधून, म्हणजे किंगडमने पुढे पाठवलेल्या अर्जांच्या पत्रातून, ऑस्कर या ऑनलाइन यंत्रणेवर जातात. तिथे जगभरचे हेरल्ड टिप्पण्या करतात. शेवटचा निर्णय नावांसाठी पेलिकन आणि चिन्हांसाठी रेथ या पदांवरचे लोक घेतात आणि तो दर महिन्याच्या पत्रातून प्रसिद्ध होतो. सगळं मिळून सहा ते नऊ महिने धरून चाला.

या काळात पैसे खर्चू नका. निशाण, सरकोट, ढाल, बकल, काहीच करायला टाकू नका. बदल सुचला तर नवा अर्ज न पाठवता किंगडमच्या हेरल्डला लिहा. दोन अर्ज एकमेकांच्या पायात येतात.

परत आलंच तर पत्रातला तुमचा परिच्छेद शेवटपर्यंत वाचा. कारण नेमकं लिहिलेलं असतं आणि बरेचदा सुटकेचा मार्गही त्याच परिच्छेदात असतो: ‘किनार घातली तर टक्कर उरणार नाही’ इतक्या स्पष्ट शब्दांत. पेंड असा निर्णय असेल तर अर्ज परत आलेला नसतो, फक्त थांबवलेला असतो. अशा वेळी नवा अर्ज करू नका. वर्षभराच्या आत पुन्हा पाठवलं तर बहुतेक किंगडम फी घेत नाहीत, म्हणून पत्राची तारीख लिहून ठेवा.

पुन्हा पाठवताना जुन्या फॉर्मवर खाडाखोड करून तोच फॉर्म धाडू नका. नवा फॉर्म भरा आणि ही दुरुस्त आवृत्ती आहे असं लिहा. आधीच्या परतीचं कारण आणि ते कसं दूर केलं, हे दोन ओळींत सर्वांत वर द्या.